सागवान टिकते, आतले लोखंड झिजते

१/ १२ ऑक्टोबर १८१७ रोजी मुंबईच्या गोदीत ‘ट्रिंकोमाली’ ही ब्रिटिश नौदलाची युद्धनौका पाण्यात उतरली. जमशेटजी बोमनजी वाडिया यांनी ती सागवानात बांधली होती. आज दोनशेहून अधिक वर्षांनीही ती इंग्लंडमधील हार्टलपूल येथे तरंगते आहे.

२/ हा साग भंडारा जिल्ह्यासारख्या, समुद्रापासून शेकडो मैल दूर असलेल्या मुलखातील जंगलांतही वाढतो. त्यातील तेलामुळे तो सहजी कुजत नाही. युरोपातील ओकमधले आम्ल लोखंडी खिळ्यांना खाते; साग त्या मानाने त्यांना जपतो.

३/ परंतु शिडाचे जहाज केवळ लाकडाच्या बळावर चालत नाही. डोलकाठीला दोन्ही बाजूंनी ताणून धरणारे दोर जहाजाच्या कुशीला ठोकलेल्या धातूच्या पट्ट्यांशी बांधलेले असतात. शिडात भरलेल्या वाऱ्याचा सारा ताण या पट्ट्या व त्यांचे बोल्ट पेलतात. बोल्टचा बराचसा भाग लाकडात दडलेला असतो आणि तोच धोक्याचा.

४/ हा धोका ब्रिटिश नौदलाने प्रत्यक्ष अनुभवला. जहाजकिड्यांपासून बचावासाठी १७६१ मध्ये ‘अलार्म’ या नौकेच्या तळाला तांब्याचे पत्रे लावले गेले. पुढे तपासणीत दिसले, की तांब्याला टेकलेले लोखंडी खिळे पार झिजून गेले होते. मात्र जिथे मध्ये तपकिरी कागद राहिला होता, तिथले खिळे शाबूत होते! खाऱ्या पाण्यात दोन धातू एकमेकांना टेकले, की विद्युत-रासायनिक क्रियेने लोखंडाचा बळी जातो.  झीज पत्र्याच्या आड चालली होती.

५/ विसाव्या शतकात लोखंडाची जागा स्टेनलेस स्टीलने घेतली. ते गंजत नाही, हा समज मात्र अपुरा आहे. त्याच्यावरील संरक्षक थर टिकण्यास ऑक्सिजन लागतो. पट्टी जिथे डेकमधून आत जाते, तिथल्या फटीत पाणी साचून कोंडते, ऑक्सिजन संपतो आणि धातूला बारीक खड्डे व तडे पडू लागतात. बाहेर दिसतो तो फक्त तपकिरी ओघळ.

६/ रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांची ‘सुहेली’ ही सुमारे ३२ फुटांची सागवानी नौकाही मुंबईतच बांधली गेली. १९६८-६९ मध्ये तिने एकट्याने, न थांबता केलेली पहिली पृथ्वीप्रदक्षिणा घडवली. त्या सफरीत मुख्य डोलकाठीजवळ तळातील फळ्यांची फट उघडून पाणी आत येऊ लागले. डोलकाठी तळाला खाली रेटते आणि ताणलेले दोर कडांना वर ओढतात. हा ताण नौकेच्या सांध्यांना सोसावा लागतो. नॉक्स-जॉन्स्टन यांनी पाण्यात उतरून ती फट कापसाने बुजवली. २२ एप्रिल १९६९ रोजी, ३१२ दिवसांनी, ते फाल्मथला परतले.

७/ म्हणून जुन्या शिडाच्या नौकेची तपासणी नुसत्या डोळ्यांनी होत नाही. बोल्ट एकेक करून काढावे लागतात, पट्टी बाहेर ओढून स्वच्छ करावी लागते. तिच्यावर रंगीत द्रव फासून पुसला, की केसाएवढा तडाही उठून दिसतो. आतले लाकूड ठोकून पाहिले जाते. भरीव आवाज आला तर बरे, पोकळ आला तर फळी उघडावी लागते. हे काम किनाऱ्यावरच होऊ शकते. भर समुद्रात त्या बोल्टची परीक्षा वादळच घेते, आणि त्यात नापास झालेली डोलकाठी पाण्यात कोसळते.