काठीचं घराणं वेगळं

टँकरला कंटाळून ठाण्याच्या दिव्यातली एखादी सोसायटी बोअर मारायला निघाली, की कुणाच्या तरी गावचा पाणाड्या हजर होतो. तळहातावरचा आडवा नारळ उभा राहतो किंवा बेचकी झुकते, आणि तिथे चुन्याची फुली पडते. या विद्येची घराणी मात्र दोन आहेत.

जुनं घराणं आपलंच. सहाव्या शतकात वराहमिहिराने ‘बृहत्संहिते’त भूजलावर ‘दकार्गल’ हे अख्खं प्रकरण लिहिलं. जांभळाच्या पूर्वेला जवळच वारूळ असेल, तर दक्षिणेला दोन पुरुष खोलीवर गोड पाणी लागतं, अशा धर्तीचे ठोकताळे त्यात आहेत. (पुरुष म्हणजे हात वर करून उभ्या माणसाची उंची.) सगळे खरे ठरतील असं नाही, पण नजर झाडांवर, वारुळांवर, माती-खडकावर आहे. काठीचं तिथे काम नाही.

काठीची जुनी नोंद सापडते ती जर्मन खाणींत. अ‍ॅग्रिकोलाने 1556 च्या खाणविद्येवरच्या ग्रंथात बेचकी घेऊन धातूची शीर शोधणारे दाखवले, आणि शहाण्या खाणवाल्याने त्यांच्या नादी लागू नये, असंही बजावलं. पुढे तीच बेचकी पाण्यासाठी फिरू लागली. मुंबई सरकारने तर 1925 मध्ये मेजर पॉगसन यांना अधिकृत पाणाड्या म्हणून नेमलं!

म्युनिकजवळ 1987-88 मध्ये निवडक 43 पाणाड्यांना जमिनीखालच्या नव्हे, खालच्या मजल्यावरच्या पाइपची जागा ओळखायला सांगितली. 843 चाचण्या झाल्या. प्रयोग करणाऱ्यांना काही जणांत कसब दिसलं. शास्त्रज्ञ जिम एनराइट यांनी 1999 मध्ये तेच आकडे तपासले, तर निकाल अंदाजपंचेच निघाला. ताणून धरलेली बेचकी मनगटाच्या नकळत हालचालीनेही उलटते. ओढ पाण्याची नसते, हाताची असते.

मग गावाकडे पाणी लागतं कसं? महाराष्ट्राचा बहुतेक भाग काळ्या बेसॉल्टचा. वरच्या झिजलेल्या मुरमात थोडंफार पाणी पुष्कळ ठिकाणी असतंच, आणि मुरलेल्या पाणाड्याला ओघळ, उतार, उंबर बरोबर दिसतात. कोरड्या गेलेल्या विहिरीची गोष्ट कुणी सांगत नाही, हेही आहेच. दोन-तीनशे फुटांवरची खडकातली भेग मात्र वरून ना डोळ्याला दिसते, ना काठीला.

शिवाय दिव्याला खाडी लागून आहे. इथे पाणी लागेल का, यापेक्षा ते खारं निघेल का, हा प्रश्न मोठा, आणि नारळ त्याचं उत्तर देत नाही. तेव्हा फुली मारण्याआधी आजूबाजूच्या बोअरची खोली विचारा, मे महिन्यातलं त्यांचं पाणी प्रयोगशाळेत तपासून घ्या, आणि भूजलतज्ज्ञाला बोलवा.