नगराच्या कारभाऱ्याचे प्रतिवृत्त

अमेरिकेतील एखाद्या मध्यम वस्तीच्या नगरात नगरसभेची बैठक भरते, तेव्हा कार्यक्रमपत्रिकेवर एक बाब बहुधा ठरलेली असते. ती म्हणजे नगरव्यवस्थापकाचे निवेदन. अमुक रस्त्याखालचा पाण्याचा नळ बदलण्याचे काम निम्म्यावर आले आहे. कचऱ्याच्या दोन गाड्या दुरुस्तीला गेल्या आहेत. अग्निशामक दलातील तीन जागा रिकाम्या आहेत. वर्षाच्या अंदाजपत्रकापैकी आजवर इतका खर्च झाला, इतका उरला. व्यवस्थापक कागद पाहून वाचतो, सभासद ऐकतात, मागच्या बाकावरचे चारदोन नागरिक जांभया देतात. इतिहासाच्या ग्रंथांत अशा कागदांना सहसा स्थान मिळत नाही. लढाया आणि तह यांच्यापुढे नळाची दुरुस्ती ती काय! परंतु हा रूक्ष कागद त्या सभागृहात आला कसा, याचा शोध घेऊ लागले, की एक जुना आणि अजूनही पुरता न सुटलेला प्रश्न समोर उभा राहतो. नगराचा कारभार जाणत्या माणसाच्या हाती द्यावा, हे खरे. पण त्या जाणत्या माणसाने जाब कोणाला द्यावा?

हा प्रश्न अमेरिकेच्या आधी मुंबईत उभा राहिला होता. १८६५ साली अमेरिकेतील यादवी युद्ध संपले, कापसाचे भाव कोसळले आणि त्या भावांवर उभारलेले मुंबईचे सट्ट्याचे मनोरे एका दमात जमीनदोस्त झाले. त्याच वर्षी मुंबईच्या नगरपालिकेसाठी नवा कायदा झाला. शहरातील जस्टिस ऑफ द पीस मंडळींची एक संस्था करण्यात आली आणि अंमलबजावणीची सारी सत्ता एका आयुक्ताकडे सोपविण्यात आली. आर्थर क्रॉफर्ड हे त्या पदावरचे पहिले गृहस्थ. तडफ, कल्पकता आणि घाई हे तिन्ही गुण त्यांच्या ठायी विपुल होते. त्यांनी रस्ते रुंद केले, गटारे साफ करविली, कत्तलखाना शहराबाहेर बांद्र्यास हलविला आणि मंडईची ती भव्य इमारत उभी केली, जी पुढे कितीतरी वर्षे त्यांच्याच नावाने ओळखली गेली आणि आज महात्मा जोतिबा फुले यांचे नाव धारण करते. आरोग्याधिकारी डॉक्टर ह्यूलेट यांच्या साहाय्याने शहराच्या स्वच्छतेत त्यांनी जो पालट घडविला, तो त्यांच्या टीकाकारांनाही नाकारता आला नाही.

मात्र या साऱ्या कामांचा खर्च उत्पन्नाला मागे टाकून पुढे धावत होता. कर वाढले, कर्ज वाढले आणि खर्चाला आवर घालण्याचे ज्यांचे काम, ती जस्टिस मंडळी बराच काळ स्वस्थ राहिली. आयुक्त करील ते पाहावे आणि बिल आले की त्रागा करावा, एवढेच काय ते पर्यवेक्षण. १८७१ साली करदात्यांचा संताप उफाळून आला. नवरोजी फर्दुनजी यांच्यासारखे लोकनेते त्या चळवळीत अग्रभागी होते. आयुक्ताचे पदच मोडावे आणि त्याची सत्ता एका मंडळाकडे द्यावी, अशी मागणी जोरात पुढे आली.

या गदारोळात सव्वीस वर्षांच्या एका बॅरिस्टराने लोकमताच्या विरुद्ध जाणारी भूमिका घेतली. फिरोजशहा मेहता यांनी क्रॉफर्ड यांच्या कामाची बाजू मांडली आणि दोषाचे माप वेगळ्याच ठिकाणी टाकले. कारभार एका जबाबदार व्यक्तीच्या हाती असणे यात त्यांना चूक दिसली नाही. त्या व्यक्तीकडून वेळोवेळी हिशेब घेणारी, लोकांनी निवडलेली सभा नव्हती, ही खरी चूक असे त्यांचे म्हणणे होते. मंडळाच्या हाती कारभार दिला, तर जबाबदारी सर्वांची होते, म्हणजेच ती कोणाचीच उरत नाही. सभागृहात त्यांना लोकांचा रोष सोसावा लागला. तथापि पुढील इतिहासाने त्यांच्याच मताला पुष्टी दिली. १८७२ च्या कायद्याने चौसष्ट सभासदांची महापालिका आली. त्यांतील निम्मे सभासद करदात्यांनी निवडावयाचे होते. मतदारांचे वर्तुळ फार लहान होते, हे विसरता येत नाही. तरीही आयुक्ताला जाब विचारणारे एक घर त्या दिवसापासून शहरात उभे राहिले. १८८८ च्या कायद्याने महापालिका, स्थायी समिती आणि आयुक्त अशा तीन अधिकारपीठांची वाटणी पक्की केली. त्या कायद्याच्या घडणीतही मेहतांचा वाटा मोठा होता.

अमेरिकेची वाट निराळी होती. तिकडे नगरसभा निवडून येत. परंतु निवडून आलेली माणसे आपल्या पक्षाच्या नायकाची बांधील असत. रस्त्याचे कंत्राट, पोलिसाची नोकरी, दिव्याच्या खांबाची जागा, सगळे काही त्याच्या इशाऱ्याने ठरे. हिशेब कोणी मागावा आणि कोणाकडे, असा तेथील पेच होता. या पेचातून वाट काढण्याचे निमित्त दोनदा निसर्गाने पुरविले. १९०० च्या सप्टेंबरात टेक्सासमधील गॅल्व्हेस्टन हे बंदर चक्रीवादळाने उद्ध्वस्त केले आणि हजारो माणसे दगावली. पुनर्रचनेसाठी तेथे काही थोड्या आयुक्तांचे मंडळ नेमण्यात आले. ती पद्धत पुढे अनेक नगरांनी उचलली. पण त्या मंडळातील प्रत्येक जण आपापल्या खात्याचा राजा होऊन बसे, हा दोष लवकरच ध्यानात आला.

१९०८ साली व्हर्जिनिया राज्यातील स्टॉन्टन या डोंगराळ गावाने वेगळा प्रयोग केला. हे गाव वुड्रो विल्सन यांचे जन्मस्थान. तेथे नगरसभेची दोन सभागृहे होती आणि समित्यांचा नुसता बुजबुजाट होता. रस्ते चिखलात, तिजोरी ओढग्रस्तीत, आणि राज्याच्या घटनेमुळे सभेची रचना बदलण्याची सोय नाही. तेव्हा सभेने एक साधा ठराव करून पगारी व्यवस्थापक नेमला. हा पहिला व्यवस्थापक म्हणजे चार्ल्स ॲशबर्नर नावाचा अभियंता. त्याचा जन्म १८७० साली मुंबईत झाला होता; वडील इंग्रजी सैन्यात अधिकारी होते. क्रॉफर्ड मुंबईचे आयुक्त असतानाच ज्याने या शहरात डोळे उघडले, तोच पुढे अमेरिकेचा पहिला नगरव्यवस्थापक ठरला! यातून कार्यकारणभाव काढण्याचा मोह मात्र टाळावा. बालपणी सोडलेल्या शहराच्या कायद्याचा त्याच्यावर संस्कार झाला असेल, असे मानण्यास आधार नाही. दोन दूरच्या नगरांनी एकाच दुखण्यावर जवळजवळ एकच औषध स्वतंत्रपणे शोधले, हीच यातील लक्षणीय गोष्ट होय.

या प्रयोगाला सिद्धान्ताचे रूप दिले ते न्यूयॉर्कच्या रिचर्ड चाइल्ड्स यांनी. चाइल्ड्स हे जाहिरातीच्या धंद्यातील गृहस्थ. नावे ठेवण्यात आणि ती लोकांच्या तोंडी रुळविण्यात कुशल. भागधारक संचालक निवडतात, संचालक व्यवस्थापक नेमतात, आणि व्यवस्थापकाचे काम पसंत न पडल्यास त्याला घरी बसवितात. नगरानेही हाच मार्ग का धरू नये, असा त्यांचा सवाल होता. १९१२ साली दक्षिण कॅरोलायनातील समटर या गावाने ही योजना स्वीकारली. पण तिचा खरा गाजावाजा झाला तो ओहायोतील डेटनमुळे. १९१३ च्या मार्चमध्ये ग्रेट मायामी नदीला महापूर आला आणि शहर पाण्याखाली गेले. जुन्या कारभाऱ्यांची धांदल उडाली, तर रोकड नोंदविणारी यंत्रे बनविणाऱ्या कारखान्याचे मालक जॉन पॅटरसन यांनी आपल्या कारागिरांकडून होड्या बांधवून माणसे वाचविली. पूर ओसरला त्याच वर्षी डेटनने नवी सनद मंजूर केली. व्यवस्थापकाचे पद आधी पनामा कालव्याचे शिल्पकार जॉर्ज गोथल्स यांना देऊ करण्यात आले. त्यांनी नकार दिल्यावर सिनसिनाटीचे अभियंता हेन्री वेट यांनी १९१४ च्या आरंभी सूत्रे हाती घेतली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात ओहायोतील स्प्रिंगफील्ड येथे आठ व्यवस्थापक एकत्र जमले आणि त्यांनी आपली संघटना स्थापिली. ॲशबर्नर तिचे पहिले अध्यक्ष झाले. दहा वर्षांनी, १९२४ मध्ये, या संघटनेने आपल्या सभासदांसाठी आचारसंहिता केली.

या पद्धतीचा मर्मबिंदू नियतकालिक प्रतिवृत्तात आहे. व्यवस्थापकाला निश्चित मुदतीची शाश्वती नसते. सभेचा विश्वास उडाला, की त्याचे पद गेले. पण सभेने विश्वास ठेवावा तरी कशाच्या आधारावर? सभासद हे धंदेवाईक लोक, शिक्षक, गृहिणी, दुकानदार; प्रत्येक खड्ड्यापाशी जाऊन उभे राहणे त्यांना शक्य नसते. त्यांचे डोळे म्हणजे तो कागद. तो खरा असेल, तर निवडून आलेली सभा खरोखरीच राज्य करते. तो खोटा झाला, की सभा नुसती शोभेची उरते.

याचा कटू अनुभव मिसूरी राज्यातील कॅन्सस सिटीने घेतला. १९२५ च्या सनदेने तेथे व्यवस्थापकाची पद्धत आली. परंतु सभेतील बहुमत पेंडरगास्ट या राजकीय नायकाच्या मुठीत होते आणि १९२६ पासून व्यवस्थापक असलेले हेन्री मॅकेलरॉय हे त्याचेच माणूस होते. आपल्या हिशेबाच्या पद्धतीला ते गावठी जमाखर्च म्हणत आणि त्या नावाखाली वर्षानुवर्षे तिजोरी सुस्थितीत असल्याचे सांगत राहिले. १९३९ साली पेंडरगास्टला करचुकवेगिरीबद्दल शिक्षा झाली, मॅकेलरॉय यांनी राजीनामा दिला आणि दप्तरे उघडली, तेव्हा कोट्यवधी डॉलरांची तूट बाहेर पडली. सनद उत्तम होती, पद उत्तम होते. फक्त कागद खोटा होता, आणि तो तपासून पाहणारे कोणी नव्हते. पुढल्या वर्षी आलेले पेरी कुकिंगहॅम यांनी १९५९ पर्यंत त्या पदावर राहून विस्कटलेली घडी पुन्हा बसविली.

खऱ्या आकड्यांचे मोल मुंबईनेही एका भयाण प्रसंगी पाहिले होते. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात ग्रंथिक संनिपाताचा रोगी आढळल्याचे डॉक्टर आकासियु व्हिएगस यांनी जाहीर केले. ते स्वतः महापालिकेचे सभासद होते. व्यापाराला धक्का बसेल या भीतीने कित्येकांना ती वार्ता मानवेना. पण शहरातील मृत्यूंची नोंद आठवड्यामागून आठवडा होत असे, आणि त्या नोंदींतील चढता आकडा कोणाच्या इच्छेवर अवलंबून नव्हता.

या इतिहासाची एक दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. तज्ज्ञाच्या हाती कारभार देण्याच्या उत्साहात कोणाचा आवाज सभेत पोचतो, याकडे दुर्लक्ष झाले. डेटनसारख्या ठिकाणी साऱ्या शहराचा एकच मतदारसंघ करण्यात आला. परिणामी कामगारवस्तीतील पक्षाला १९१७ साली भरघोस मते मिळूनही एकही जागा मिळाली नाही. अमेरिकेच्या अनेक नगरांत कृष्णवर्णीय वस्त्यांचीही अशीच गत झाली. ज्यांचा प्रतिनिधीच सभेत नाही, त्यांच्या गल्लीतील तुंबलेले गटार कारभाऱ्याच्या कागदावर उतरत नाही.

मुंबईत तर प्रश्नाचे एक वेगळेच रूप अलीकडे दिसले. १९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने निवडणूक वेळेवर घेण्याचे बंधन घातले असतानाही, मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपल्यावर तीन वर्षांहून अधिक काळ आयुक्तच प्रशासक म्हणून कारभार पाहत होते. प्रस्ताव मांडणारा आणि तो मंजूर करणारा अधिकारी एकच. रस्ते झाले, पूल झाले, अंदाजपत्रकेही सादर झाली. पण ती सादर करणारे आणि स्वीकारणारे हात एकाच माणसाचे होते. १८७१ साली मेहतांनी ज्या उणिवेवर बोट ठेवले, ती दीडशे वर्षांनंतर त्याच शहरात पुन्हा अवतरली होती.

म्हणून त्या लहानशा सभागृहातील कंटाळवाण्या निवेदनाकडे पुन्हा एकदा वळावे. व्यवस्थापक वाचतो: नळाचे काम निम्म्यावर आले आहे. एवढ्यात एक वृद्ध सभासद चष्मा सावरून मागील महिन्याचा कागद पुढे ओढते आणि विचारते, की गेल्या खेपेसही काम निम्म्यावरच होते, ते कसे? क्षणभर शांतता होते. मग व्यवस्थापक कारण सांगू लागतो, आणि मागच्या बाकावरचे नागरिक जांभया आवरून कान देऊ लागतात.