थायमस: तिसऱ्या दिवसाची गोष्ट

तर मंडळी, आज आपण छातीच्या हाडामागे, हृदयाच्या जरा वर बसलेल्या ग्रंथीकडे वळू. थायमस. पूर्वी शवविच्छेदनाला येणारी मुलं बहुधा गरिबाघरची, दीर्घ आजाराने झिजलेली असत, आणि आजारात थायमस आक्रसते. त्यामुळे अचानक दगावलेल्या सुदृढ बाळाची ग्रंथी डॉक्टरांना ‘वाढलेली’ वाटली. ती श्वासनलिका दाबते असं ठरलं, आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेत हजारो बाळांच्या छातीवर क्ष-किरण सोडले गेले. त्यांतल्या काहींना पुढे थायरॉइडचा कर्करोग झाला. याला उपचार म्हणणं आम्हाला तरी जड जातं.

१९६१ साली लंडनमध्ये जाक मिलर यांनी नुकत्याच जन्मलेल्या उंदरांची थायमस काढली. पिल्लं संसर्गाने मरू लागली. दुसऱ्या जातीच्या उंदराची त्वचा लावली तर शरीर ती नाकारेना. लढणाऱ्या पेशी इथेच घडतात हे कळलं. थायमसवरूनच पुढे त्यांना टी पेशी हे नाव पडलं.

पण खरी गंमत जपानात झाली. १९६९ मध्ये निशिझुका आणि साकाकुरा यांनी हीच ग्रंथी जन्मानंतर तिसऱ्या दिवशी काढली, तर माद्यांचे बीजांडकोश नष्ट झाले. सातव्या दिवशी काढली तर काहीच नाही! आधी वाटलं, हा हार्मोनचा खेळ. प्रत्यक्षात शरीर स्वतःवरच उलटलं होतं.

असं का? थायमसमध्ये पेशींची कडक निवड होते. शंभरातल्या दोन-चारच जिवंत बाहेर पडतात. स्वकीयांवर तुटून पडणाऱ्या बहुतेक तिथेच मारल्या जातात. पण सगळ्या नाहीत. स्वकीयांना ओळखणाऱ्या काहींना थायमस वेगळंच वळण लावते: त्या इतरांना आवरतात. उंदरात या आवरणाऱ्या पेशी बाहेर पडतात जरा उशिरा, तिसऱ्या दिवसानंतर. म्हणजे त्या दिवशी ग्रंथी काढली की दांडगे आधीच बाहेर, आणि त्यांना धरणारे कोणीच नाही.

शिमॉन साकागुची या कोड्यामागे वर्षानुवर्षं लागले. अशा दमनकारी पेशींवरचा बाकीच्यांचा विश्वास मधल्या काळात उडाला होता, तरी त्यांनी १९९५ मध्ये सीडी२५ या खुणेवरून त्या वेगळ्या काढून दाखवल्या. २००१ मध्ये ब्रंकाव आणि रॅम्सडेल यांच्या गटाने फॉक्सपी३ हे जनुक शोधलं. ते बिघडलं तर लहान मुलग्यांत एक जीवघेणा स्वप्रतिकार रोग होतो. २०२५ चं नोबेल या तिघांना मिळालं. मिलर यांना ते अजून मिळालेलं नाही.