मॅग्नेटो नसलेली लढाई: ‘मार्व्हल व्हर्सेस कॅपकॉम: इन्फिनिट’ आणि खेळाडूंचा रोष

‘मार्व्हल व्हर्सेस कॅपकॉम: इन्फिनिट’ हा खेळ १९ सप्टेंबर २०१७ रोजी बाजारात आला, तेव्हा त्याच्याविषयीचा निकाल बहुतेक खेळाडूंनी आधीच लावून टाकला होता. खेळ हाती येण्यापूर्वीच त्याला नाकारणारा हा निकाल उतावळा होता, असे त्या वेळी काही समीक्षकांना वाटले. त्यात तथ्यही होते. परंतु या रोषाची मुळे १९९४ पर्यंत मागे जातात आणि तेथपासून पाहिल्याशिवाय तो समजत नाही.

दोन निरनिराळ्या कथाविश्वांतील पात्रे एकाच आखाड्यात उतरवणारा खेळ म्हणजे क्रॉसओव्हर फायटिंग गेम. या मालिकेत एका बाजूला मार्व्हल कॉमिक्सचे महानायक आणि दुसऱ्या बाजूला ‘स्ट्रीट फायटर’सारखे खेळ घडवणाऱ्या जपानी कॅपकॉम कंपनीची पात्रे असतात. मात्र मालिकेचा पाया ज्या खेळाने घातला, त्यात असा सामना नव्हताच. डिसेंबर १९९४ मध्ये आर्केडमध्ये आलेला ‘एक्स-मेन: चिल्ड्रन ऑफ द अ‍ॅटम’ हा केवळ एक्स-मेनचा खेळ होता. त्यात ‘स्ट्रीट फायटर’मधला अकुमा गुप्त पात्र म्हणून दडवलेला होता, एवढेच. पुढचा सगळा पसारा या एका लपलेल्या पाहुण्यापासून वाढला.

सुरुवात एक्स-मेनपासून होणे त्या काळाला धरूनच होते. १९९१ च्या ‘एक्स-मेन’ पहिल्या अंकाच्या सुमारे ८० लाख प्रती दुकानांकडे गेल्या होत्या. (त्यांतील बऱ्याच पुढे भाव येईल या आशेने जपून ठेवण्यासाठी घेतलेल्या होत्या, हा भाग निराळा.) १९९२ पासून त्यांची कार्टून मालिकाही गाजत होती. आयर्न मॅन आणि कॅप्टन अमेरिका ही तेव्हा मागच्या बाकावरची मंडळी होती. पुढे कॉमिक्सचा फुगा फुटला आणि डिसेंबर १९९६ मध्ये मार्व्हलने दिवाळखोरीचा अर्ज केला. त्याच दशकात एक्स-मेनच्या चित्रपटांचे हक्क फॉक्सकडे गेले होते. हा व्यवहार लक्षात ठेवावा, कारण दोन दशकांनंतर तो पुन्हा समोर येतो.

१९९६ च्या ‘एक्स-मेन व्हर्सेस स्ट्रीट फायटर’ने दोन पात्रांचा संघ आणि ऐन लढतीत जोडीदाराला आत बोलावण्याची सोय आणली. १९९८ मध्ये मालिकेला तिचे आजचे नाव मिळाले. २००० साली आलेल्या ‘मार्व्हल व्हर्सेस कॅपकॉम २’मध्ये तीन-तीन पात्रांचे संघ आणि एकूण ५६ पात्रे होती.

आज हा दुसरा भाग पूजनीय मानला जातो. पण त्याच्या काळातील मते इतकी एकमुखी नव्हती. त्याच्या जॅझ धाटणीच्या संगीताची भरपूर टिंगल झाली. कित्येक पात्रांची चित्रे जुन्या खेळांतून जशीच्या तशी उचललेली होती. मॉरिगनचे चित्र तर १९९४ च्या ‘डार्कस्टॉकर्स’मधले होते आणि नव्या, सफाईदार पार्श्वभूमीपुढे ते ठिगळासारखे दिसे. समतोलाच्या नावाने तर आनंदच होता. ५६ पैकी मोजकीच पात्रे स्पर्धेत टिकत. तरीही खेळाडू वर्षानुवर्षे तोच खेळ खेळत राहिले, त्यातल्या त्रुटींनाच डावपेच बनवत राहिले, आणि त्या अव्यवस्थेतून चार पात्रे शिखरावर पोचली: मॅग्नेटो, स्टॉर्म, सेंटिनेल आणि केबल. चौघेही एक्स-मेनच्या कथाविश्वातले.

नंतरचा काळ परवान्यांचा आहे. मार्व्हलची पात्रे कॅपकॉमची मालमत्ता नव्हती. ती करारापुरती उसनी घेतलेली होती. २००९ मध्ये दुसरा भाग नव्या कन्सोलवर डाउनलोडच्या रूपाने परतला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस मार्व्हल डिस्नेच्या ताब्यात गेली. फेब्रुवारी २०११ मध्ये तिसरा भाग आला. नऊ महिन्यांतच त्याची ‘अल्टिमेट’ आवृत्ती वेगळी विकत घ्यावी लागली, तेव्हा आधीच्या खरेदीदारांनी फसवणुकीचा आरोप केला. मार्चमधील तोहोकूच्या भूकंपाने कामाचे वेळापत्रक विस्कटले, हे कॅपकॉमचे स्पष्टीकरण फारसे कोणाच्या गळी उतरले नाही. डिसेंबर २०१३ मध्ये करार संपला आणि हे खेळ डिजिटल दुकानांतून काढून टाकण्यात आले. एखादे दफ्तर जळाले तर इतिहासाचा अभ्यासक हळहळतो. येथे दफ्तर शाबूत होते, फक्त त्याच्या खोलीला कुलूप लागले होते आणि किल्ली वकिलांकडे होती.

तीन वर्षांच्या या दुष्काळानंतर डिसेंबर २०१६ मध्ये ‘इन्फिनिट’ची घोषणा झाली, तेव्हा आनंद मोठा होता. तो टिकला नाही. पात्रांची यादी हळूहळू उघड होऊ लागली आणि तिच्यात एकही एक्स-मेन नव्हता. वुल्व्हरिन, स्टॉर्म, मॅग्नेटो, सेंटिनेल, सगळेच गायब. फँटॅस्टिक फोरचा वैरी डॉक्टर डूमही नव्हता. पानिपतचा पट मांडावा आणि त्यात सदाशिवरावभाऊच नसावेत, असा हा प्रकार होता. ज्यांचे चित्रपट-हक्क फॉक्सकडे आहेत त्या पात्रांना डिस्नेच्या काळातील मार्व्हल पुढे करू इच्छित नाही, असा तर्क खेळाडूंनी केला. यादीकडे पाहता तो पटण्याजोगा होता. कॅप्टन मार्व्हल, गमोरा, अल्ट्रॉन आणि थॅनोस ही मार्व्हलच्या बाजूची नवी भर डिस्नेच्या चित्रपटविश्वाशी जुळणारीच होती.

या वातावरणात कॅपकॉमच्या निर्मितीचमूतील एका अधिकाऱ्याने मुलाखतीत एक युक्तिवाद मांडला. त्याचा आशय असा होता की पात्रे म्हणजे अखेर ‘फंक्शन्स’, म्हणजे कार्ये असतात. मॅग्नेटो लोकांना आवडतो तो त्याच्या आठही दिशांना झेपावण्याच्या चपळाईमुळे. तीच चाल आता नोव्हा किंवा कॅप्टन मार्व्हलकडे आहे, तेव्हा त्यांच्याशी खेळावे. हा शब्द वणव्यासारखा पसरला. आजही या खेळाचे नाव निघाले की ‘फंक्शन्स’ची थट्टा आठवतेच.

हा युक्तिवाद मूर्खपणाचा मात्र नव्हता. स्पर्धेत उतरणारा खेळाडू पात्राकडे खरोखरच चाल, वेग आणि पल्ला यांच्या हिशेबाने पाहतो. आठ वर्षे मॅग्नेटो खेळलेल्या माणसाने त्याची मूळ कॉमिक्स वाचलेली असतीलच असे नाही. पण ती आठ वर्षे त्याने मॅग्नेटोसोबतच काढलेली असतात. त्या चालीला नाव, चेहरा आणि आठवण चिकटलेली असते: कोणत्या आर्केडमध्ये ती शिकली, कोणाकडून मार खाल्ला, कोणत्या अंतिम सामन्यात ती पाहिली. क्रॉसओव्हर खेळाचे तर भांडवलच ही चिकटलेली आठवण आहे. केवळ चालीच हव्या असतील, तर मार्व्हलकडून पात्रे उसनी आणण्याचा खर्च कॅपकॉमने करावाच कशाला? या प्रश्नाला त्या मुलाखतीत उत्तर नव्हते.

दुसरा आघात डोळ्यांवर झाला. जून २०१७ मध्ये कथाभागाचा डेमो खुला झाला आणि चुन-लीच्या चेहऱ्याची जगभर चेष्टा झाली. कॅपकॉमने तो खेळ येण्यापूर्वी सुधारला. परंतु सुरुवातीच्या ३० पात्रांपैकी २४ तिसऱ्या भागातून आलेली होती. तिसऱ्या भागात कॉमिक्सच्या पानासारख्या ठळक काळ्या सावल्या होत्या. येथे त्याच पात्रांना प्लास्टिकसारखी चकाकी आली होती. थोडक्या खर्चात काम उरकले आहे, हा संशय प्रत्येक नव्या चित्रफितीबरोबर पक्का होत गेला.

त्याच जुलैमध्ये झालेल्या लास व्हेगासच्या ‘इव्हो’ या फायटिंग गेमच्या सर्वांत मोठ्या स्पर्धेतील नवव्या खेळाची निवड आधीच देणगीच्या मतदानाने झाली होती. निवडून आला होता जुना ‘अल्टिमेट ३’. नवा भाग जाहीर झालेला असताना लोकांनी पदरचे पैसे घालून जुन्याला मत दिले. त्या वर्षीच्या कोणत्याही परीक्षणापेक्षा हे साधन अधिक बोलके आहे.

प्रत्यक्ष खेळ आला, तेव्हा विचित्र गोष्ट घडली. ज्यांनी तो मन लावून खेळला, त्यांतील अनेकांनी त्याची वाखाणणी केली. संघ पुन्हा दोन-दोन पात्रांचे झाले होते, पण जोडीदाराला कोणत्याही क्षणी, अगदी चालू फटक्याच्या मध्येही आत आणता येत होते. सहा इन्फिनिटी स्टोनपैकी एक निवडला की डावाचा रंगच पालटे. चढाईत सापडलेल्याला सुटकेची वाट होती आणि चढाई करणाऱ्याला कल्पकतेला वाव. लढतीचा हा गाभा भक्कम होता, हे विरोधकही मान्य करीत. मात्र विक्री कॅपकॉमच्या अपेक्षेपेक्षा कमी राहिली. जानेवारी २०१८ मध्ये ‘ड्रॅगन बॉल फायटरझी’ आला, आणि तीन-तीनच्या संघांचा, मूळ चित्रकथेशी इमान राखणारा हा देखणा खेळ ‘मार्व्हल’ची वाट पाहणाऱ्या प्रेक्षकांना आपल्याकडे घेऊन गेला. फेब्रुवारीत इव्हो २०१८ ची यादी जाहीर झाली. तिच्यात ‘इन्फिनिट’ नव्हता.

एक्स-मेन वगळण्याचे अर्थकारण तोवर कालबाह्य होऊ लागले होते. खेळ येऊन तीन महिने होत नाहीत तोच, डिसेंबर २०१७ मध्ये, डिस्ने-फॉक्स व्यवहाराची घोषणा झाली आणि मार्च २०१९ मध्ये तो पूर्ण झाला. एक्स-मेन घरी परतले, पण त्यांची जागा रिकामी ठेवणाऱ्या खेळाला त्याचा काही उपयोग राहिला नव्हता.

कुलूपबंद खोलीची गोष्ट मात्र पुढे सरकली. २०२१ मध्ये दुसरा भाग पुन्हा उपलब्ध करा, अशी मोहीम चाहत्यांनी चालवली. सप्टेंबर २०२४ मध्ये कॅपकॉमने सात जुन्या आर्केड खेळांचा संग्रह प्रकाशित केला. त्यात ‘चिल्ड्रन ऑफ द अ‍ॅटम’ आहे, दुसरा भाग आहे, मॅग्नेटो आणि त्याची आठ दिशांची झेपही आहे. तीन महिन्यांनी, डिसेंबर २०२४ मध्ये, चाहत्यांच्या एका गटाने ‘इन्फिनिट अँड बियाँड’ हा मॉड विनामूल्य प्रसिद्ध केला. त्यांनी ‘इन्फिनिट’चा गाभा तसाच ठेवला आणि प्लास्टिकची चकाकी पुसून पात्रांना पुन्हा कॉमिक्सच्या शाईत बुडवले. सात वर्षांपूर्वी या खेळाकडे पाठ फिरवलेले अनेक जण तो पहिल्यांदा नीट खेळले, ते त्या मॉडमध्ये.