वाळूचा थर आणि बंदिस्त समुद्र : प्रवाळ-मत्स्यालयाच्या इतिहासातील एक प्रकरण

प्रस्तावना

काचेच्या टाकीत खारे पाणी भरून त्यात जिवंत प्रवाळ सांभाळणे हा आज जगभर रुळलेला छंद आहे आणि सागरी जीवशास्त्राच्या संशोधनाचे साधनही आहे. अशा टाकीच्या तळाशी वाळूचा थर असावा की नसावा, आणि असल्यास तो किती जाड असावा, हा वाद १९९० नंतरच्या दोन दशकांत विलक्षण हिरिरीने लढला गेला. वरवर पाहता हा छांदिष्टांचा घरगुती वाद वाटतो. परंतु त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न जुना आणि गंभीर आहे : बंदिस्त पाण्यात जे अन्न आपण टाकतो, त्याचे शेवटी होते काय? या प्रश्नाची उत्तरे गेल्या पावणेदोनशे वर्षांत कशी बदलत गेली आणि त्या प्रवासात वाळूला शोभेच्या तळापासून कर्त्या घटकापर्यंत कसे स्थान मिळाले, हे प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे.

काचेतील समतोल

समुद्रापासून दूर, शहरातील घरात प्रवाळ जिवंत ठेवण्याच्या आरंभीच्या नोंदींत ॲना थिन या इंग्रज महिलेचे नाव अग्रभागी येते. १८४६ साली टॉर्कीच्या किनाऱ्यावरून तिने काही प्रवाळ लंडनला आणले. पाण्यात हवा मिसळावी म्हणून ते पाणी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतले जाई, आणि हे काम अर्थातच घरच्या मोलकरणीकडे असे. विज्ञानाच्या इतिहासात अशा हातांची नोंद फारशी होत नाही. पुढे थिनने पाण्यात सागरी वनस्पती सोडल्या आणि हे कष्ट काहीसे हलके झाले.

याच कल्पनेस रसायनशास्त्राची बैठक दिली ती रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी. लंडनच्या औषधनिर्मात्यांच्या संस्थेत रसायनतज्ज्ञ असलेल्या वॉरिंग्टन यांनी १८५० साली केमिकल सोसायटीपुढे एक प्रयोग मांडला. एका मोठ्या काचपात्रात त्यांनी दोन सोनमासे आणि वॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती ठेवली. वनस्पतीची कुजलेली पाने पाणी गढूळ करू लागली तेव्हा त्यांनी गोगलगाई सोडल्या आणि पाणी निवळले. मासा, वनस्पती आणि गोगलगाय यांचा हा त्रिकोण पुढे ‘समतोल मत्स्यालय’ म्हणून प्रसिद्धीस आला. १८५३ मध्ये लंडनच्या रीजंट्स पार्कमधील प्राणिसंग्रहालयात सार्वजनिक मत्स्यगृह सुरू झाले, आणि १८५४ मध्ये फिलिप हेन्री गॉस यांच्या ‘द ॲक्वेरियम’ या ग्रंथाने तर इंग्लंडमधील मध्यमवर्गाला या छंदाचे वेडच लावले.

एक गोष्ट मात्र लक्षात घेण्याजोगी आहे. वॉरिंग्टन यांच्या पात्राच्या तळाशी वाळू आणि माती होती, पण त्यांच्या स्पष्टीकरणात तिला स्थान नाही. वनस्पतीची मुळे रोवण्यासाठी ती होती, एवढेच. ज्या घटकाने बहुधा सर्वांत अधिक काम केले, तो घटक हिशेबाबाहेर राहिला. विल्यम आल्फर्ड लॉइड यांनी क्रिस्टल पॅलेस येथील मत्स्यालयासाठी (१८७१) प्रदर्शनाच्या टाक्यांपेक्षा कितीतरी मोठे, अंधारे भूमिगत जलाशय बांधून त्यातून पाणी सतत फिरते ठेवले. ही पद्धत यशस्वी झाली. तथापि अंधारातले पाणी नेमके कशाने सुधारते, याचा उलगडा त्यांनाही झालेला नव्हता.

वाळू काम करते

तो उलगडा मत्स्यालयात नव्हे, सांडपाण्याच्या आणि शेतीच्या अभ्यासात झाला. वाळूतून पाणी गाळण्याची प्रथा तत्पूर्वीची होती. जेम्स सिम्पसन यांनी १८२९ साली चेल्सी येथे थेम्सचे पाणी वाळूच्या थरातून मंदगतीने गाळण्याची व्यवस्था उभारली होती. ही गाळणी केवळ चाळणीसारखी काम करते, असा तेव्हाचा समज होता.

१८७७ साली थेओफिल श्लेसिंग आणि आशिल म्युंट्झ या फ्रेंच संशोधकांनी वाळू आणि चुनखडी भरलेल्या नळीतून सांडपाणी हळूहळू झिरपू दिले. सुमारे वीस दिवस काहीच घडले नाही. अमोनिया जसा आत गेला तसा बाहेर आला. त्यानंतर बाहेर येणाऱ्या पाण्यात नायट्रेट दिसू लागले. नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडताच ही क्रिया थांबली. केवळ रासायनिक क्रिया असती तर तिला रुजण्यासाठी वीस दिवस लागले नसते आणि ती भूल देऊन थांबलीही नसती. वाळूच्या कणांवर काहीतरी सजीव वाढत होते. प्रस्तुत लेखकाच्या मते, मत्स्यालयातील वालुकास्तराचा खरा इतिहास या नळीपासून सुरू होतो.

येथे एक कौटुंबिक योगायोग नोंदवावासा वाटतो. रॉथमस्टेड येथे या प्रयोगाची पुष्टी करणारे आणि अमोनियापासून नायट्राइट व नायट्राइटपासून नायट्रेट अशा दोन टप्प्यांत ही क्रिया वेगवेगळ्या जीवांकडून होते हे दाखविणारे कृषिरसायनज्ञ म्हणजे धाकटे रॉबर्ट वॉरिंग्टन, सोनमाशांवर प्रयोग करणाऱ्या वॉरिंग्टन यांचे चिरंजीव. पित्याच्या काचपात्रातील कोड्याचे उत्तर पुत्राच्या प्रयोगशाळेत होते. ते जिवाणू वेगळे काढण्यात मात्र त्यांना यश आले नाही; ते श्रेय १८९० साली सर्गेई विनोग्राद्स्की यांना लाभले. या क्रियेच्या उलट बाजूचा, म्हणजे प्राणवायूच्या अभावी नायट्रेटचे नायट्रोजन वायूत रूपांतर करणाऱ्या विनायट्रीकरणाचा, अभ्यास गायों आणि द्युपेती या फ्रेंच संशोधकांनी १८८० च्या दशकातच केला होता.

म्हणजे एकोणिसावे शतक संपण्यापूर्वी आवश्यक ते सारे ज्ञान उपलब्ध होते. तरीही मत्स्यालयाच्या व्यवहारात ते उतरण्यास अर्धशतकाहून अधिक काळ लागला. शेतीचे शास्त्र आणि छंदाचे शास्त्र यांच्यामध्ये भिंत होती, आणि ती ओलांडण्याची निकड दोन्ही बाजूंना भासली नाही.

जाकार्ता, बर्लिन, मोनॅको

१९५० च्या दशकात तळगाळणी प्रचारात आली. तळाशी छिद्रांची पट्टी, तिच्यावर खडी आणि हवेच्या बुडबुड्यांच्या जोरावर खडीतून खाली ओढले जाणारे पाणी, अशी तिची साधी रचना होती. श्लेसिंग यांची नळीच जणू आडवी पसरली होती. अमोनियाचा प्रश्न तिने सोडविला. परंतु खडीच्या प्रत्येक कणापर्यंत प्राणवायू पोहोचत असल्यामुळे क्रिया नायट्रेटपाशी थांबे. मासे वाढते नायट्रेट बऱ्याच अंशी सहन करतात; नाजूक प्रवाळ करीत नाहीत. १९८६ पासून जॉर्ज स्मित यांच्या लेखांनी अमेरिकेत लोकप्रिय केलेल्या ठिबक गाळणीचीही मर्यादा हीच होती.

दरम्यान जाकार्ता येथील ली चिन एंग यांनी १९६१ साली एका अमेरिकी मासिकात आपली ‘नैसर्गिक’ पद्धत मांडली होती. समुद्रातील जीवजंतूंनी भरलेले खडक, वाळू, सूर्यप्रकाश आणि हवेचे बुडबुडे एवढ्यावर त्यांचे प्रवाळ जगत होते. पाश्चात्य वाचकांनी या लेखाचे कौतुक केले. मात्र समुद्र हाताशी असलेल्या माणसाचे हे भाग्य आहे, असे समजून बहुतेकांनी तो बाजूला ठेवला. पीटर विल्केन्स यांच्या लेखनातून आणि बर्लिनच्या हौशी मंडळींच्या प्रयोगांतून पुढे आलेल्या ‘बर्लिन पद्धती’ने सच्छिद्र जिवंत खडक स्वीकारला. फेसाबरोबर सेंद्रिय द्रव्य बाहेर काढणारे यंत्र तिने जोडले, आणि वाळूला मात्र जवळजवळ रजा दिली.

वाळूला परत आणले ते नीस विद्यापीठाचे प्राध्यापक झाँ झोबेर यांनी. मोनॅकोच्या समुद्रविज्ञान संस्थेच्या पत्रिकेत १९८९ साली त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. टाकीच्या तळापासून काही सेंटिमीटर उंचीवर जाळी, जाळीखाली स्थिर पाण्याची पोकळी आणि जाळीवर प्रवाळाच्या भरड वाळूचा जाड थर, अशी ती रचना होती. या पोकळीस ‘प्लेनम’ हे नाव रूढ झाले. दिसण्यात ही तळगाळणीच, पण तिचा प्राण काढून घेतलेली, कारण पाणी येथे ओढले जात नाही. वरच्या भागात अमोनियाचे नायट्रेट होते. खाली प्राणवायू विरळ होत गेल्यावर जिवाणू नायट्रेटमधील प्राणवायू वापरतात आणि मोकळा झालेला नायट्रोजन वायुरूपाने निघून जातो. टाकीतला नायट्रोजन प्रथमच खऱ्या अर्थाने टाकीबाहेर गेला. झोबेर यांनी या रचनेचे पेटंटही घेतले.

ज्या मोनॅकोत ‘बंदिस्त’ समुद्राची ही कल्पना फुलली, तेथेच बंदिस्तपणाच्या मर्यादेचा एक कटू धडाही मिळाला. १९८४ साली तेथील सागरी संग्रहालयाच्या पायथ्याशी समुद्रतळावर कॉलर्पा टॅक्सिफोलिया या मत्स्यालयात वापरल्या जाणाऱ्या शैवालाचा जेमतेम एक चौरस मीटरचा पट्टा आढळला. ते शैवाल पुढे भूमध्य समुद्रात हजारो हेक्टरांवर पसरले आणि ते संग्रहालयातून सुटले काय, यावर शास्त्रज्ञांत तीव्र वाद झाला.

थराची जाडी आणि पुराव्याचा प्रश्न

१९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील अपृष्ठवंशी प्राण्यांचे अभ्यासक रॉन शिमेक यांनी प्लेनमची गरजच नाकारली. साखरेइतकी बारीक वाळू दहा ते पंधरा सेंटिमीटर जाडीने अंथरावी आणि तिच्यात कृमी, लहान कवचधारी व गोगलगाई यांची वसाहत नांदू द्यावी. त्यांच्या हालचालीने थर मोकळा राहील, असे त्यांचे प्रतिपादन होते. येथे वाळू गाळणी न राहता अधिवास झाली. ‘खोल वालुकास्तर’ या नावाने ही पद्धत झपाट्याने पसरली आणि तेवढ्याच झपाट्याने तिला विरोधही झाला.

विरोधकांचा पहिला आक्षेप विषारी वायूचा होता. समुद्राच्या एक किलो पाण्यात सुमारे २.७ ग्रॅम सल्फेट असते. नायट्रेट संपल्यावर जिवाणू या सल्फेटकडे वळतात आणि हायड्रोजन सल्फाइड तयार होते. कोकणातील खाडीच्या चिखलात पाय रुतला की जो काळा गाळ वर येतो आणि कुजक्या अंड्यासारखा जो दर्प येतो, तो याच क्रियेचा. न हलविलेल्या थरात हा वायू वरच्या स्तरांत येता येता बहुतांशी ऑक्सिडीभूत होतो. जुना थर एकाएकी उकरला तर मात्र धोका संभवतो.

जाडीच्या वादाबाबत मत्स्यालयाबाहेरचे संशोधन अधिक बोलके आहे. डेन्मार्कमधील ऑर्हुस येथे रेव्हस्बेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या सुमारास सूक्ष्म विद्युदग्रांनी सागरी गाळातील प्राणवायू मोजला. बारीक गाळात तो काही मिलिमीटरच खाली जातो, असे दिसून आले. भरड वाळूत मात्र पृष्ठावरील प्रवाहाच्या दाबाने पाणी आत ढकलले जाते आणि प्राणवायू अधिक खोल पोहोचतो. म्हणजे ‘किती सेंटिमीटर’ या प्रश्नाला कणाचा आकार आणि प्रवाह सांगितल्याशिवाय अर्थच नाही. वादातील बहुतेकांनी हे सांगितले नाही.

रीतसर तुलना व्हावयास २००५ साल उजाडले. रॉबर्ट टूनेन आणि ख्रिस्तोफर वी यांनी ‘ॲक्वाकल्चर’ या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत प्लेनमसह व प्लेनमविना, भरड व बारीक, उथळ व खोल अशा थरांची तुलना केली. पाण्यातील नायट्रोजनयुक्त द्रव्यांच्या दृष्टीने प्लेनममुळे लक्षणीय फरक पडत नाही, असे त्यांना आढळले. ज्या पोकळीवरून एवढे रण माजले, ती पोकळी बहुधा निरुपद्रवी आणि निरुपयोगी होती. झोबेर यांचे मूळ सूत्र यामुळे खोटे ठरत नाही. काम वाळूच करीत होती, जाळी नव्हे.

या सगळ्या गदारोळात नायट्रोजनवरच दृष्टी खिळली आणि फॉस्फरस मागे राहिला. सागरी प्लवकांच्या देहात नायट्रोजन आणि फॉस्फरस यांचे अणू साधारण १६ ला १ या प्रमाणात असतात; रेडफिल्ड यांच्या नावाने हे प्रमाण ओळखले जाते. माशांच्या खाद्यातूनही दोन्ही द्रव्ये टाकीत येतात. नायट्रोजनला वायुरूप वाट आहे, फॉस्फेटला नाही. ते कॅल्शियम कार्बोनेटच्या कणांना चिकटून साचत जाते. पहिली काही वर्षे पाण्याच्या तपासणीत ते दिसत नाही, म्हणून वाळू ‘सर्व शोषून घेते’ असा विश्वास बळावतो. कणांची धारणक्षमता संपली की शैवाल माजते. जुन्या टाक्या अकारण बिघडतात, अशी जी तक्रार २००० नंतर वारंवार होऊ लागली आणि अनेकांनी वाळू काढून टाकली, तिचे हे एक कारण असावे. बँक खात्यातील शिल्लक वाढते आहे म्हणून समाधान मानावे आणि ते कर्जखाते निघावे, तसा हा प्रकार आहे.

भारतीय संदर्भ

मुंबईत मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली सुरू झाले, तेव्हा यांपैकी कोणताच वाद जन्माला आलेला नव्हता. आज एखाद्या महाविद्यालयाने हौसेने प्रवाळाची टाकी करावयाचे ठरविले, तर कायदा आड येतो. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत २००१ साली प्रवाळांचा समावेश झाला आणि समुद्रातून प्रवाळ काढणे हा गुन्हा ठरला. हा निर्बंध योग्यच आहे. मालवणच्या समुद्रातील प्रवाळ टाकीसाठी खरवडले जाण्याइतके विपुल नाहीत.

वालुकास्तराच्या अभ्यासाला मात्र प्रवाळाची गरज नाही. सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रात्यक्षिकांत विनोग्राद्स्की यांच्या नावाचा स्तंभ परिचित आहे : उंच काचपात्रात खाडीचा गाळ, थोडा कागदाचा लगदा, खडूची पूड आणि जिप्सम घालून ते उजेडात ठेवावयाचे. काही आठवड्यांनी तळाशी काळा, त्यावर हिरवा आणि जांभळट, आणि पृष्ठाजवळ तांबूस-तपकिरी असे पट्टे उमटतात. प्राणवायू कोठे संपला आणि सल्फाइड कोठे सुरू झाले, ते काचेबाहेरून पट्टी लावून मोजता येते.