गार्फील्डचा खून का झाला?



इतिहासाच्या पेपरात 'कारणे द्या' हा प्रश्न हमखास असायचा. पहिल्या महायुद्धाची कारणे द्या, 1857च्या उठावाची कारणे द्या. आपण घोकून ठेवलेले असायचे : राजकीय, आर्थिक, धार्मिक, लष्करी आणि शेवटी 'तात्कालिक कारण'. उठावाला काडतुसे आणि महायुद्धाला साराजेव्होचा खून. घाईत कुणी नुसतेच काडतूस लिहून मोकळे झाले की सर समासात लाल पेन्सिलीने लिहायचे, 'हे निमित्त झाले. कारण कुठे आहे?' त्या शेऱ्याचा तेव्हा राग यायचा, कारण चारातले तीन गुण जायचे. पुढे अमेरिकेच्या इतिहासातल्या एका खुनाबद्दल वाचताना मात्र तो शेरा मला वारंवार आठवला. म्हणून स्मरणिकेसाठी हाच विषय घेतला.

अमेरिकेच्या चार राष्ट्राध्यक्षांचे पदावर असताना खून झाले : 1865मध्ये लिंकन, 1881मध्ये गार्फील्ड, 1901मध्ये मॅकिन्ली आणि 1963मध्ये केनेडी. पहिला आणि शेवटचा आपल्याला ठाऊक असतात. गार्फील्ड यांचे नाव आले तर एका ओळीत येते : नोकरी न मिळाल्याने चिडलेल्या एका इसमाने त्यांना गोळी घातली. ही ओळ खोटी नाही. पण सरांच्या पेन्सिलीतून ती सुटली असती असे मला वाटत नाही.

आधी माणूस कोण होता ते पाहू. जेम्स गार्फील्ड यांचा जन्म 1831चा, ओहायो राज्यातल्या लाकडी ओंडक्यांच्या घरातला. लहानपणीच वडील वारले. पोरवयात त्यांनी कालव्यावरच्या बोटींवर काम केले, मग शिकले, शिक्षक झाले आणि ज्या संस्थेत शिकले तिचेच प्राचार्य झाले. यादवी युद्धात ते उत्तरेच्या सैन्यात सेनापतिपदापर्यंत पोहोचले आणि पुढे बरीच वर्षे संसदेत होते. 1880 साली शिकागोला रिपब्लिकन पक्षाचे अधिवेशन भरले, तेव्हा ते स्वतः उमेदवारही नव्हते. दुसऱ्याच्या नावाची शिफारस करायला गेले होते. मतदानाच्या फेऱ्यांवर फेऱ्या झाल्या, कुणालाच बहुमत मिळेना आणि छत्तिसाव्या फेरीत तडजोड म्हणून त्यांचे नाव पुढे आले. निवडणूकही काठावरच जिंकली. देशभरच्या मतांत प्रतिस्पर्धी हँकॉक यांच्यावर मिळालेली आघाडी दहा हजारांहून कमी होती.

तडजोड कुणाकुणात, हे समजल्याशिवाय पुढचे समजत नाही. पक्षात दोन तट होते. एकाचे नाव 'स्टॉलवर्ट', म्हणजे कट्टर, पक्के. त्यांचे नेते न्यूयॉर्कचे सिनेटर रॉस्को काँकलिंग. त्यांना ग्रँट यांना तिसऱ्यांदा अध्यक्ष करायचे होते. दुसऱ्या तटाला विरोधक 'हाफ-ब्रीड' म्हणून हिणवत. त्यांचे पुढारी जेम्स ब्लेन. भांडण तत्त्वांचे कमी आणि नेमणुकांचे जास्त होते. तेव्हा अमेरिकेत टपाल कचेरीतल्या कारकुनापासून परदेशातल्या वाणिज्यदूतापर्यंत बहुतेक जागा वशिल्याने भरत. पक्ष जिंकला की आपली माणसे आत, जुनी बाहेर. याला तिथे 'स्पॉइल्स सिस्टिम' म्हणत, म्हणजे जिंकलेल्याने लूट वाटून घ्यायची रीत. नोकरी मिळालेल्याने पगारातला वाटा पक्षाला द्यायचा, हेही ठरलेले.

या लुटीतले सर्वांत मोठे घबाड म्हणजे न्यूयॉर्क बंदराचे कस्टम हाउस. देशाच्या जकातीचा फार मोठा भाग तिथे गोळा होई. त्याचा प्रमुख ज्याचा, त्याच्या हातात शेकडो नोकऱ्या आणि पक्षनिधी. काँकलिंग यांचा उजवा हात चेस्टर आर्थर याच जागेवर होता. आधीचे अध्यक्ष हेझ यांनी 1878मध्ये त्याला दूर केले होते. स्टॉलवर्टांचा रुसवा काढायला गार्फील्ड यांच्याबरोबर उपाध्यक्ष म्हणून उभा केला तो हाच आर्थर. म्हणजे अध्यक्ष एका बाजूचे आणि त्यांच्यानंतर खुर्चीवर बसणारा दुसऱ्या बाजूचा. ही मांडणी लक्षात ठेवा.

आता मारेकरी. चार्ल्स गिटो, जन्म 1841, इलिनॉय राज्यातला. सात वर्षांचा असताना आई गेली. वडील एका पंथप्रमुखाचे भक्त. त्या पंथाची न्यूयॉर्क राज्यात ओनायडा नावाची वसाहत होती, जिथे मालमत्ता सामाईक असे. गिटो तिथे काही वर्षे राहिला, पण कुणाशी त्याचे जमले नाही. मग शिकागोत वकिली केली. तीही बहुतेक उधारी वसुलीची आणि वसूल केलेले पैसे अशिलांपर्यंत पोहोचत नसत. लग्न मोडले. धर्मावर व्याख्याने देत तो गावोगाव फिरला. जे पुस्तक छापले त्यातला मजकूर बराचसा त्या पंथप्रमुखाचाच होता. भाडे बुडवून खोल्या बदलणे हा नित्यक्रम. 1880च्या जूनमध्ये तो ज्या बोटीत होता तिची दुसऱ्या बोटीशी धडक झाली. दुसऱ्या बोटीवरचे बरेच लोक मेले, हा वाचला. देवाने आपल्याला काही कामासाठी राखून ठेवले आहे, असे तेव्हापासून त्याच्या मनाने घेतले.

त्याच वर्षी तो राजकारणात आला. ग्रँट उमेदवार होतील या हिशेबाने त्याने भाषण लिहिले होते. गार्फील्ड ठरल्यावर नाव बदलले, बाकी मजकूर जवळपास तसाच ठेवला. हे भाषण त्याने फार तर एखाद-दुसऱ्या वेळी केले असेल, पण छापील प्रती वाटल्या आणि आपल्यामुळेच गार्फील्ड निवडून आले अशी स्वतःची खात्री करून घेतली. मोबदला म्हणून आधी व्हिएन्नाची आणि मग पॅरिसची वाणिज्यदूताची जागा मागितली. फ्रेंच येत नव्हते, परराष्ट्र सेवेचा अनुभव नव्हता. मार्च 1881मध्ये तो थेट अध्यक्षांना भेटला आणि त्यांच्या हातात भाषणाची प्रत ठेवली, वर पॅरिसच्या जागेचा उल्लेख करून. तेव्हा अध्यक्षांना असे कुणीही भेटू शके. रोज नोकरी मागणाऱ्यांची रांग लागे आणि सारा दिवस त्यातच जातो अशी गार्फील्ड यांची तक्रार असे.

पुढचे अडीच महिने गिटो परराष्ट्र खात्यात चकरा मारत राहिला. ब्लेन आता परराष्ट्र मंत्री होते. इथे तारखा नीट पाहायला हव्यात. 14 मे रोजी ब्लेन यांनी वैतागून त्याला सांगितले की पॅरिसचा विषय आयुष्यात पुन्हा माझ्यापुढे काढू नको. 16 मे रोजी काँकलिंग यांनी सिनेटचा राजीनामा दिला. न्यूयॉर्कच्या कस्टम हाउसवर गार्फील्ड यांनी काँकलिंग यांच्या विरोधकाला नेमले होते, हे त्याचे कारण. पक्ष फुटणार अशी वर्तमानपत्रांत हाकाटी झाली. 18 मेच्या रात्री, अंथरुणावर पडल्या पडल्या, गिटोला 'सुचले' की अध्यक्ष नाहीसे झाले तर सारे सुरळीत होईल.

चार दिवसांत तीन गोष्टी. कोणती खरी? नुसत्या नकाराने खून झाला म्हणावे, तर नकार ब्लेन यांनी दिला होता. मग गोळी ब्लेन यांना का नाही? नुसत्या पक्षकलहाने म्हणावे, तर त्या कलहात हजारो स्टॉलवर्ट गिटोपेक्षा खोल गुंतले होते आणि त्यांपैकी कुणी पिस्तूल उचलले नाही. त्याच महिन्यात पुढे त्याने गार्फील्ड यांना पत्र लिहून ब्लेन यांचा राजीनामा घ्यायला बजावले, नाहीतर तुमचे आणि पक्षाचे भले होणार नाही असेही लिहिले. या एका पत्रात वैयक्तिक राग आणि पक्षाची काळजी अशी मिसळली आहे की वेगळी काढता येत नाही. त्याच्या डोक्यातही ती वेगळी नसावी.

जूनमध्ये त्याने उसन्या पैशांनी पिस्तूल घेतले. तुरुंग कसा आहे तेही आधी जाऊन पाहिले. एकदा स्टेशनवर संधी मिळाली, पण अध्यक्षांच्या नुकत्याच आजारातून उठलेल्या पत्नी बरोबर होत्या, त्यांच्याकडे पाहून तो परत फिरला. अखेर 2 जुलै 1881 रोजी सकाळी वॉशिंग्टनच्या रेल्वे स्टेशनात, ब्लेन शेजारून चालत असताना, त्याने गार्फील्ड यांच्यावर मागून दोन गोळ्या झाडल्या. पकडल्यावर तो म्हणाला की मी स्टॉलवर्ट आहे आणि आता आर्थर अध्यक्ष होतील. त्याच्याजवळच्या पत्रात लिहिले होते की अध्यक्षांबद्दल मनात आकस नाही, त्यांचा मृत्यू ही राजकीय गरज आहे.

गार्फील्ड लगेच गेले नाहीत. ते 79 दिवस झगडले. डॉक्टरांनी न धुतलेली बोटे आणि हत्यारे जखमेत घालून गोळी शोधली. लिस्टर यांची जंतुनाशक पद्धत युरोपात रुळत होती, अमेरिकेतल्या बऱ्याच डॉक्टरांना ती पटलेली नव्हती. टेलिफोनवाले ग्रॅहम बेल गोळी शोधायचे यंत्र घेऊन आले, तेही चालले नाही. 19 सप्टेंबरला गार्फील्ड वारले. शवविच्छेदनात दिसले की गोळी कोणत्याही मोक्याच्या अवयवात घुसलेली नव्हती. खटल्यात गिटोने हेच वापरले : मी फक्त गोळी झाडली, मारले डॉक्टरांनी.

नोव्हेंबरमध्ये खटला उभा राहिला. मला सगळ्यात जास्त विचार करायला लावला तो या भागाने, कारण हेतू कोणता ठरवायचा यात प्रत्येकाची सोय गुंतलेली होती. वकीलपत्र घेतले होते त्याच्या मेहुण्याने. त्याला आरोपी वेडा ठरवायचा होता. सरकारी पक्षाला तो शहाणा, स्वार्थी आणि दुष्ट हवा होता, कारण वेड्याला फाशी देता येत नाही. स्टॉलवर्टांना तो वेडाच बरा वाटत होता, कारण शहाणा ठरला तर आपल्या गटाच्या भाषेत बोलणारा खुनी त्यांच्या गळ्यात पडणार होता. या मृत्यूने अध्यक्ष झालेल्या आर्थर यांना तर ते फारच अवघड होते. प्रशासन सुधारणेच्या चळवळीला हवा होता 'नोकरीसाठी हपापलेला माणूस', वशिलेबाजीचा जिवंत पुरावा. आणि खुद्द गिटो? त्याला या कशातच रस नव्हता. ही देवाची आज्ञा होती, मी निमित्तमात्र, असे तो भर कोर्टात ओरडून सांगे.

दोन्हीकडून मनोविकारांचे तज्ज्ञ उभे राहिले आणि परस्परांविरुद्ध साक्षी देऊन गेले. कृत्य चूक आहे हे आरोपीला कळत होते का, एवढीच त्या काळच्या कायद्याची कसोटी होती. 25 जानेवारी 1882 रोजी ज्यूरीने सुमारे तासाभरात त्याला दोषी ठरवले. 30 जूनला फाशी झाली. फासाखाली उभा राहून त्याने स्वतः रचलेली कविता म्हटली. आज तो खटला वाचणाऱ्याला हा माणूस ठणठणीत होता असे म्हणणे जड जाते.

सुधारकांची ओळ मात्र टिकली आणि तिने मोठे काम केले. 16 जानेवारी 1883 रोजी पेंडल्टन कायद्यावर सही झाली. केंद्र सरकारच्या काही नोकऱ्या परीक्षेने भरायच्या आणि कर्मचाऱ्यांकडून पक्षासाठी पैसे उकळायचे नाहीत, असा तो कायदा. सुरुवातीला जेमतेम दहा टक्के जागांना लागू झाला, पुढे व्याप वाढत गेला. सही केली ती कस्टम हाउसच्या वशिल्यावर वाढलेल्या आर्थर यांनी. कायद्याचा मसुदा करणारे डॉर्मन ईटन यांनी ब्रिटिश नोकरशाहीचा अभ्यास केला होता आणि ब्रिटिशांनी स्पर्धापरीक्षा आधी लागू केली ती हिंदुस्थानातल्या सनदी नोकऱ्यांना. स्पर्धापरीक्षेला बसलेल्या आपल्यातल्या अनेकांना हा धागा आवडेल.

मग सर, उत्तर काय लिहावे? तात्कालिक कारण : ब्लेन यांचा नकार आणि काँकलिंग यांचा राजीनामा. मारेकऱ्याचा हेतू : त्याच्या लेखी पक्ष वाचवणे आणि देवाची आज्ञा पाळणे, आपल्या लेखी एका बिघडलेल्या मनाने स्वतःच्या अपमानाला दिलेले मोठे नाव. मूळ कारण : अशी व्यवस्था, जिच्यात छापील भाषण वाटणाऱ्याला पॅरिसची जागा मागणे वावगे वाटत नव्हते, जिच्यात प्रत्येक नेमणूक म्हणजे कुणाचा तरी पराभव असे आणि जिने अध्यक्षाचा वारस म्हणून विरोधी गटाचा माणूस बसवला होता. गिटोचे वेड त्याचे स्वतःचे होते. त्या वेडाने कोणते शब्द बोलायचे हे त्याच्या काळाने शिकवले.

यातले एकच वाक्य लिहिले असते तर सरांनी एक गुण दिला असता. आज बातम्यांत एखादा खून झाला की संध्याकाळपर्यंत प्रत्येकाकडे एक कारण तयार असते, आणि बहुधा ते ज्याला जे सोयीचे तेच असते. अशा वेळी मी पुढचे दोन-तीन दिवस गप्प राहतो. घरचे विचारतात, तुला काहीच मत नाही का? मत असते. पण समासातली ती लाल पेन्सिल अजून दिसते.