तळटीप : रक्तवाहिन्यांमुळे येणारा स्मृतिभ्रंश

डॉक्टर याला ‘व्हॅस्क्युलर डिमेन्शिया’ म्हणतात. मेंदूच्या मोठ्या वाहिनीत गुठळी अडकून पक्षाघाताचा झटका येतो, किंवा वर्षानुवर्षांच्या उच्च रक्तदाबाने आणि मधुमेहाने आतल्या बारीक वाहिन्या अरुंद होत जातात. रक्त न पोचलेल्या भागातल्या पेशी मरतात. दुसरा प्रकार अधिक फसवा, कारण झटका आल्याचे कुणाला कळतच नाही. अल्झायमरमध्ये बहुधा ताजी आठवण आधी जाते. इथे आधी विचारांचा वेग आणि नियोजन ढासळते. घाटकोपर-मुलुंडच्या एखाद्या सोसायटीचे हिशेब अनेक वर्षे सांभाळलेले आजोबा पासबुकातली बेरीज जुळवताना अडतात, पाय घासत चालतात, मध्येच रडू लागतात. नातवंडांची नावे मात्र बिनचूक सांगतात. मग घरचे ‘वय झालं’ म्हणून सोडून देतात. प्रकृती काही महिने स्थिर राहून एकदम घसरते, असे पाठ्यपुस्तकांत असते. बारीक वाहिन्यांच्या आजारात ही घसरण संथही असते.

मुंबईत चाळिशीपुढील २४,४८८ जणांच्या पाहणीत (प्रसिद्धी २००१) पासष्टीपुढील २.४४ टक्के लोकांना स्मृतिभ्रंश आढळला. २०२३च्या देशव्यापी अंदाजात साठीपुढचे प्रमाण ७.४ टक्के आहे. पद्धती वेगळ्या, त्यामुळे थेट तुलना करू नये.

मेलेल्या पेशी परत येत नाहीत. रक्तदाब, साखर आणि तंबाखू यांवरचा ताबा हाच मुख्य उपाय. तोंड वाकडे झाले, हात लुळा पडला, बोलणे अडखळले, तर १०८ला फोन करून सीटी स्कॅनची सोय असलेले रुग्णालय तत्काळ गाठावे. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे साडेचार तासांच्या आतच देतात.